तांड्यावरची मण्यांची माळ : नऊ महिने वापरल्यावर

गेल्या भाद्रपदात धारूरकडच्या एका बंजारा तांड्यावरून ही माळ घेतली, चौदाशे रुपयांना. आता ज्येष्ठ लागलाय. मधल्या काळात ती शाळेत घातली, तीन लग्नांत मिरवली आणि एकदा तुळजापूरलाही नेली. तिथं कवड्यांची माळ ही देवीच्या भक्तांची खूण, त्यामुळे कवड्या पाहून देवीच्या एका आराधणीनं मला हात जोडले आणि कधीपासून परडी भरता म्हणून विचारलं. माझी चांगलीच पंचाईत झाली.

माळ चार पदरी आहे. लाल, पांढरे, निळे बारीक काचमणी, मध्ये सात कवड्या, खाली चाराण्याची पाच नाणी आणि त्यांना लोंबणारे घुंगरू. मागे लोकरीचा गोंडा. सोनाराच्या काट्यावर 212 ग्रॅम भरली, त्यामुळे दिवसभर घालायचं काम नाही. मधल्या सुट्टीनंतर मान भरून येते.

मणी खरेच काचेचे आहेत. गालाला लावले की गार लागतात, दातावर वाजवले की टक आवाज येतो. लाल-पांढरे अजून जसेच्या तसे आहेत. निळ्यांतले काही मात्र मानेजवळ फिके पडले, कारण ते वरून रंग चढवलेले निघाले आणि घामानं रंग उतरला. हा दोष बाजाराचा. मणी काही तांड्यावर बनत नाहीत, ते फिरोजाबादेकडून व्यापाऱ्यांमार्फत येतात. तांड्यावरचं कसब ओवण्यात. गोंड्याचा लाल रंग तर पहिल्याच पावसात पांढऱ्या ब्लाऊजवर उतरला, तो डाग आजही आहे. घुंगरू दोन महिन्यांत काळवंडले, चिंचेनं घासावे लागतात.

नाण्यांना मात्र काही म्हणजे काही झालेलं नाही. गेंड्याचं चित्र असलेली ती 1988 नंतरची स्टीलची पावली. 2011च्या जूनअखेर सरकारनं चाराणे व्यवहारातून काढले, तेव्हा घराघरात पडून राहिलेली नाणी तांड्यावरच्या बायकांनी जमवली. माझ्या माळेतला सगळ्यात टिकाऊ भाग म्हणजे हे बाद झालेले सव्वा रुपये!

माळ करणाऱ्या बाईंना सगळे याडी म्हणतात, गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, आई. त्यांची नात माझ्या वर्गात, म्हणून त्या मला बाई म्हणतात आणि मी त्यांना याडी. पीळ दिलेला सुती दोरा त्या मेणावर ओढून घेतात, दर वीस-पंचवीस मण्यांनंतर गाठ मारतात आणि कवडीच्या भोकाशी दोऱ्याला आणखी दोन वेढे देतात. घेताना मला ही उगाच मेहनत वाटली होती.

जानेवारीत एक पदर तुटला. गाठींमुळे जेमतेम वीस मणी सांडले, बाकी जागच्या जागी. फोन केला तर याडी कर्नाटकात उसाच्या फडात. दिवाळीआधीच मुकादमाकडून मजुरीची उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, निघाली होती, हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण नातीची हजेरी मीच मांडते. म्हणाल्या, "मणी सांभाळून ठिवा बाई. मी आल्याबिगर कुणाचा हात लावू नका."

मला कुठला धीर! शहरात दागिने ओवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडे गेले. माणूस कामाचा पक्का, पण हात मंगळसूत्र आणि पोतीवर बसलेला. त्यानं चारही पदर नायलॉनवर, गाठीविना ओवून दिले. माळ ताठ उभी राहायला लागली आणि कवड्या सरकून मधोमध गोळा झाल्या. मार्चमध्ये कवडीच्या धारेनं नायलॉन कापलं आणि भर वर्गात अख्खा पदर सांडला. पोरांनी बाकांखालून मणी वेचून कंपासपेटीत भरून दिले. चार-पाच अजून कुणाच्या तरी खिशात असतील.

चैत्रात याडी परतल्या. नायलॉन पाहून बोलल्या काहीच नाहीत, कात्री मागितली. तीन दिवसांत माळ पूर्वीसारखी, फिके निळे मणीही बदललेले. पैसे दीडशे. मी तीनशे पुढं केले तर उरलेले परत दिले आणि नातीला वह्या आणा म्हणाल्या.

अशाच दिसणाऱ्या माळा शहरातल्या प्रदर्शनात चार हजारांना पाहिल्या. उलटून बघितलं तर प्लास्टिकचे मणी, गरम गोंदानं डकवलेल्या कवड्या. त्यापेक्षा तांड्यावर जा. पण अक्षय्य तृतीया ते दसरा एवढाच काळ धरा. त्यानंतर तांड्यावर म्हातारी माणसं आणि मागं राहिलेली लेकरंच भेटतील. लग्नसराईसाठी हवी असेल तर पोळ्याच्या आत सांगून ठेवा. आणि घासाघीस करू नका. पंधरा दिवसांच्या कामाचे चौदाशे, हिशेब तुम्हीच करा.

मी बहिणीसाठी दुसरी सांगितली आहे. दोनच पदरी, घुंगरू नकोत, आणि गोंडा पांढऱ्या लोकरीचा.