रिटेल लेक्चर: साचा पाठ करावा की मुद्दे टिपावेत?

पेडणे, डिचोलीकडची मुलं पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करताना हमखास विचारतात: रिटेल लेक्चरसाठी, म्हणजे ऐकलेलं व्याख्यान इंग्रजीत पुन्हा सांगायच्या प्रश्नासाठी, साचा (कुठल्याही विषयाला चालतील अशी तयार वाक्यं) पाठ करावा की ऐकताना टिपलेल्या शब्दांवर बोलावं?

आधी गणित बघा. व्याख्यान जास्तीत जास्त 90 सेकंदांचं, मग तयारीला 10 सेकंद आणि बोलायला 40. तीन सेकंद गप्प राहिलात तर रेकॉर्डिंग बंद. साच्याचा खरा फायदा इथेच आहे. सुरुवातीचं वाक्य तयार असलं की जीभ अडत नाही, घाबरणाऱ्याला तेवढा आधार पुरतो.

पण गुण आशय, उच्चार आणि ओघ अशा तिन्हींना असतात, आणि साच्यात आशय नसतोच. समजा, व्याख्यान खारफुटीवर आहे. 'वक्त्याने अनेक महत्त्वाचे मुद्दे मांडले' यात काही सेकंद गेले आणि हाती काहीच नाही. त्याऐवजी टिपणांच्या पाटीवर 'मुळं, गाळ, मासे, धूप' एवढंच असलं तरी मुळं गाळ धरून ठेवतात, म्हणून किनाऱ्याची धूप कमी होते आणि माशांच्या पिल्लांना आसरा मिळतो, हे सलग सांगता येतं. शब्दांमध्ये बाण काढा. कशामुळे काय झालं ते बाण सांगतो. पूर्ण वाक्यं मात्र लिहू नका, लिहिता लिहिता पुढचं ऐकायचं राहून जातं.

माझं मत स्पष्ट आहे: साचा एका वाक्यापुरता, बाकी सगळं टिपणांवर. सरावाला पणजीतल्या कोसंबी विचार महोत्सवातलं एखादं इंग्रजी भाषण लावा, दीड मिनिटाने थांबवा आणि मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका.