डिमांड कंट्रोलर लावून एक उन्हाळा काढला, त्याचा अनुभव

आमची सरकारी इमारत, चार मजले, एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे एकावेळी जास्तीत जास्त किती वीज ओढणार याचा करार, २०० केव्हीए. फेब्रुवारीत डिमांड कंट्रोलर बसवला, म्हणजे एकावेळचा लोड ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ नये म्हणून काही उपकरणं आपोआप बंद करणारं मशीन. कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिस अजून त्यांच्याकडूनच घ्यायचीये.

आधी दुखणं सांगतो. महावितरणच्या एचटी बिलात युनिटचे पैसे वेगळे नि डिमांडचे वेगळे, केव्हीएमागे पाचशेच्या वर. मीटर महिन्यातला सगळ्यात जास्त लोडचा काही मिनिटांचा तुकडा तेवढा लक्षात ठेवतो आणि त्या काही मिनिटांचे पैसे अख्खा महिना भरायचे, त्यात कॉन्ट्रॅक्टच्या वर गेलात की वरच्या भागाला दीडपट. मेख पुढेच आहे. मागच्या ११ महिन्यांतल्या सगळ्यात जास्त बिलिंग डिमांडचे (ज्या आकड्यावर बिल झालं त्याचे) ७५ टक्के तरी लागतातच. मागच्या मे मध्ये आम्ही २२२ ला गेलो, डिसेंबरात एसी बंद, मीटरवर जेमतेम ११०, तरी बिल त्याहून कितीतरी जास्त आकड्याचं! हे अकाउंट्सला समजावताना माझा घसा बसला.

आणि २२२ कशामुळे, तर हजेरी पावणेदहाची म्हणून शिपाई साडेनऊलाच सगळे एसी १८ वर टाकून ठेवणार, तेव्हाच टाकी भरायचा पंप, तेव्हाच दोन्ही लिफ्ट. बास.

कंट्रोलर काय करतो, आकडा १८० कडे सरकला की आधी पंप बंद, मग मीटिंग हॉल आणि रेकॉर्ड रूमचे कॉम्प्रेसर पाळीपाळीने सात-आठ मिनिटं थांबवतो, पंखा चालूच राहतो त्यामुळे कुणाला कळतही नाही. पंप आता दुपारी दीडला लावलाय, तसंही केंद्राच्या २०२३ च्या नियमांत उन्हाच्या तासांतली वीज निदान २० टक्के स्वस्त ठेवा असं आहेच. एसी २४ वर लॉक केले, त्यावर चार दिवस बोंबाबोंब झाली नि थांबली. या मे मध्ये आकडा १८५. त्या महिन्यात दंडासकट चोवीसेक हजार वाचले.

आता तक्रारी. पहिले दहा दिवस स्क्रीनवर ६० च्या वर आकडा जाईना, मी खूश! मग महावितरणच्या मीटरचं बटण दाबून बघितलं तर तिथे १८० च्या घरात. कंट्रोलरची एका फेजची सीटी (करंट मोजायची कॉइल) उलटी बसवलेली, दोन फेजच्या बेरजेतून तिसरी वजा होत होती. टेक्निशियन म्हणे "साहेब, होतं असं कधीकधी".

दुसरं, कुणाचा एसी आधी बंद करायचा ही यादी मशीन करत नाही, ती मीच केली. साहेबांची केबिन यादीत नाही हे सांगायला नकोच, पण त्यांच्या पीएचीही नाही, मग आस्थापना शाखेने काय पाप केलं? ३१ मार्चला तर बिलं काढायची म्हणून लोक रात्री नऊपर्यंत, कंट्रोलर चक्क बायपासवर टाकला होता, म्हणजे असून नसल्यासारखा. नशीब १९६ वर थांबलं.

पाचात साडेतीन. घेणार असाल तर सेटिंगचा पासवर्ड पेमेंटच्या आधी लिहून घ्या. आमचा अजून त्या टेक्निशियनकडेच आहे, आणि १८० चं १७५ करायचं तर चार दिवस फोन.