कोड खुला केला, किल्ली ठेवून घेतली: स्मार्टवॉच, ११ महिन्यांच्या वापरानंतर

चार महिन्यांपूर्वी या घड्याळाला एक तारा देणार होते. आज चार देते आहे. मधल्या काळात माझं मत दोनदा फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही, ज्यांच्या मनगटावर हे आहे ते ओळखतीलच.

स्क्रीन, पट्टा, पाण्यात चालतं का, यावर भरपूर लिहून झालंय. बॅटरी आजही पाच दिवस जाते. एवढं पुरे.

मला छळलं ते मराठी निरोपांनी. ‘१० मिनिटांत निघते’ असा निरोप आला की घड्याळावर ‘१० मनिटिांत नघिते’च्या जवळपास काहीतरी दिसायचं. ‘उद्या’चं ‘उद्‌या’, ‘रस्त्यात’चं ‘रस्‌त्‌यात’. कारण साधं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर साठवलेली असते, पण दाखवताना ती अक्षराच्या आधी यायला हवी. ते काम आणि जोडाक्षरं जुळवण्याचं काम करणारा भागच या घड्याळात नव्हता, त्यामुळे वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटायची आणि जोडाक्षरं तुटायची. हार्फबझ नावाची खुली लायब्ररी (कुणालाही आपल्या प्रोग्राममध्ये बसवता येणारा तयार कोड) हेच काम अँड्रॉइड, फायरफॉक्स, लिब्रेऑफिसमध्ये वर्षानुवर्षं करते आहे. म्हणजे उत्तर तयार होतं, फक्त बसवायचं होतं. सात महिन्यांत मी चार मेल पाठवले. चारही वेळा तेच उत्तर आलं: तुमची सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे.

आठव्या महिन्यात मेल आला: ६० दिवसांत सर्व्हर बंद. हे घड्याळ नव्या फोनला जोडायचं तर कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन लागायचं. म्हणजे फोन बदलला की घड्याळ संपलं. काचेवर ओरखडा नाही, बटणं टकाटक चालतात आणि वस्तू कचऱ्यात टाकायची? माझ्याच्याने ते होत नाही. मिक्सरचं भांडंही मी ब्लेड बदलून वापरते. वस्तू झिजून संपली तर वाईट वाटत नाही, चांगली वस्तू कुणीतरी लांबून बंद केली की मात्र जीव जळतो.

बऱ्याच जणांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीने फोनचं ॲप आणि घड्याळाचं फर्मवेअर (घड्याळ आतून चालवणारं सॉफ्टवेअर), दोन्हींचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला केला. त्या रात्री मी पाच तारे देऊन टाकले होते.

दोन दिवसांत ते काढून घेतले. घड्याळ सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर, फर्मवेअरवरची कंपनीची डिजिटल सही तपासतो. सही नसेल तर फर्मवेअर चालूच करत नाही. कोड सगळ्यांना वाचता येत होता, बदलता येत होता, पण बदललेला कोड माझ्याच मनगटावरच्या घड्याळात घालता येत नव्हता. हा प्रकार जुना आहे. टिवो या टीव्ही रेकॉर्डरमध्ये लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम होती, कोडही मिळायचा, पण बदललेला कोड त्यावर चालत नसे. २००७ साली आलेल्या जीपीएल या खुल्या कोडच्या लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत म्हणूनच अट घातली गेली: ग्राहकाच्या उपकरणात असा कोड घालून दिलात, तर बदललेला कोड त्यात बसवायला लागणारी माहितीही द्या. आमच्या कंपनीचं लायसन्स वेगळं होतं, त्यात ही अट नव्हती.

मग मी किल्ली, म्हणजे कंपनी जिच्याने ही सही करते तो गुप्त कोड, मागायला लागले. सगळीकडे एकच वाक्य: सहीची किल्ली द्या. इथे माझं चुकत होतं, आणि ते एका अनुभवी माणसाने समजावलं. किल्ली जाहीर झाली तर कुणीही घातक फर्मवेअर बनवून त्यावर कंपनीची सही ठोकू शकेल, आणि आपलं घड्याळ ते मुकाट्याने स्वीकारेल. मागायचं ते वेगळं: कंपनीने सही केलेलं एक शेवटचं अपडेट, ज्यानंतर मालकाने दोन बटणं दाबून धरली की तेवढंच घड्याळ मोकळं होईल. आम्ही तेच मागितलं. पाच आठवडे भांडावं लागलं, पण मिळालं.

‘आत दुसऱ्यांचा कोड आहे, सगळं देता येत नाही’ हे कारणही बरंच ऐकलं. ते खोटं नसतं, पण त्यावर थांबायचं कारण नाही. डूम या खेळाचा कोड १९९७ साली खुला झाला तेव्हा आवाजाची लायब्ररी दुसऱ्याची होती, म्हणून ती नसलेली लिनक्सची आवृत्ती दिली गेली. नेटस्केप या ब्राउझरच्या कंपनीनेही १९९८ साली दुसऱ्यांचे भाग काढून उरलेला कोड दिला आणि त्यातून पुढे फायरफॉक्स उभं राहिलं. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये पेबल घड्याळांचा कोड दिला, त्यात ब्लूटूथचा मुख्य भाग नव्हता, तो लोकांनी खुल्या पर्यायाने भरून काढला. भोकं असलेला कोड चालतो. लायसन्समध्येच पाय बांधलेले असले तर मात्र चालत नाही. विनॅम्प या गाणी वाजवायच्या प्रोग्रामच्या कंपनीने २०२४ मध्ये कोड दाखवला, पण बदललेली प्रत वाटायला मनाई केली, आणि काही आठवड्यांत तो कोड मागेही घेतला.

चालू धंद्याचा कोड कंपनीने उघडावाच, असं मी म्हणणार नाही. त्यावर लोकांचे पगार निघतात. पण दुकान बंद करताना तो कपाटात कुजवत ठेवून कुणाचं पोट भरतं? २००२ साली ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमागची कंपनी बुडाली, तेव्हा लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून कोड सोडवून घेतला. आज ब्लेंडर कुठे आहे ते बघा. आमच्या घड्याळाचा सर्व्हर बंद होऊन आता महिना झाला. घड्याळावर दिसणारं हवामान गेलं, ते अजून कुणी परत आणलेलं नाही. पण कोड खुला असल्याने फोन जोडायला आता लॉगिन लागत नाही.

आणि मराठी! कुणीतरी फोनच्या ॲपमध्ये हार्फबझ बसवलं. अक्षरं फोनवर जुळवायची आणि तयार ओळ चित्र म्हणून घड्याळाला पाठवायची, घड्याळावर भार नाही. मी चाचणीसाठी जोडाक्षरांची यादी करून दिली: क्ष, ज्ञ, ऱ्या, र्‍हस्व, कर्त्री. पाच रात्री एकेक शब्द डोळ्यांजवळ धरून तपासला. सात महिने ज्याची नुसती सूचना पुढे जात होती, ते काम आठवड्यात झालं.

काल आईचा निरोप आला: ‘पोचले. निर्धास्त राहा.’ वेलांटी जागेवर, जोडाक्षर नीट. रफार एक ठिपका उजवीकडे सरकतोय. फोटोसकट कळवलंय.