स्थावर मालमत्तेच्या वेबसाइटचे गूगलवरील स्थान: स्वतः सांभाळावे की एजन्सीकडे सोपवावे?

पुण्यात घरांच्या खरेदी-विक्रीचे काम करणाऱ्या लहान कार्यालयाने वेबसाइट तयार करून घेतली, की वर्षभरात एक प्रश्न हमखास उभा राहतो: वेबसाइट गूगलवर दिसत नाही, तर ती वर आणण्याचे काम आपल्याच माणसांकडून करून घ्यावे, की दरमहा पैसे मोजून एजन्सीला द्यावे? अशा कार्यालयांच्या वेबसाइटचे काम मी काही वर्षे जवळून पाहत आलो आहे. माझे मत असे आहे की हा निर्णय घेण्याच्या आधी तपासणीची पद्धत ठरवली पाहिजे, कारण चुकीच्या तपासणीवर घेतलेला निर्णय बहुतेक वेळा महागात पडतो.

सर्वांत प्रचलित तपासणी म्हणजे स्वतःच्या फोनवर शोधून पाहणे, आणि तीच सर्वांत फसवी आहे. कर्वे रस्त्यावरील एका कार्यालयात मालकांनी माझ्यासमोर ‘कोथरूड इस्टेट एजंट’ असे टाइप केले आणि स्वतःचे नाव सर्वांत वर दाखवले. त्याच वेळी त्यांनी हडपसरला राहणाऱ्या भाच्याला फोन लावून तेच शब्द शोधायला सांगितले, तेव्हा त्याला वरच्या यादीत ते नाव सापडले नाही. शोधणारा माणूस कुठे बसला आहे यावर, विशेषतः नकाशासह येणारे निकाल, मोठ्या प्रमाणात बदलतात. आपण वारंवार उघडलेल्या वेबसाइटचाही काही परिणाम होतो. इन्कग्निटो (शोधाचा इतिहास न ठेवणारी) विंडो उघडली तरी ठिकाण लपत नाही, त्यामुळे तो उपायही अपुरा आहे.

याच्या तुलनेत गूगल सर्च कन्सोल ही मोफत सेवा कितीतरी अधिक विश्वासार्ह आहे. लोकांनी कोणते शब्द शोधले असता आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी त्यावर क्लिक केले आणि सरासरी स्थान काय होते, ही माहिती तेथे मागील १६ महिन्यांपर्यंतची मिळते. मात्र ‘सरासरी स्थान’ हा आकडा जपून वाचावा लागतो. एका शब्दाला आपण तिसरे आणि दुसऱ्या शब्दाला चाळिसावे असलो, तरी एकत्रित सरासरी काहीतरी मधलीच दिसते आणि तिच्यावरून कोणताही निष्कर्ष निघत नाही. म्हणून एक पान आणि एक शब्द असे वेगळे काढूनच पाहावे. ‘हिंजवडी’ आणि ‘हिंजेवाडी’ ही दोन्ही रूपे लोक रोमन अक्षरांत टाइप करतात, हे अनेकांना या अहवालातूनच प्रथम कळते.

अहरेफ्स किंवा सेमरश यांसारख्या सशुल्क साधनांचा उपयोग प्रतिस्पर्ध्यांची पाने आणि इतर वेबसाइटवरून त्यांना मिळालेल्या लिंक पाहण्यासाठी होतो. त्यातील भेटींचे आकडे अंदाजाचे असतात, त्यामुळे एक-दोन शाखांच्या कार्यालयाला पहिल्या वर्षी त्यांची गरज नाही.

आता सुधारणेकडे वळू. येथे कामाचे दोन स्वतंत्र भाग आहेत आणि दोन्हींना एकच उत्तर लागू पडत नाही. पहिला भाग तांत्रिक. पाने फोनवर वेगाने उघडतात का, विकल्या गेलेल्या फ्लॅटच्या पानाचे काय होते, बजेट आणि क्षेत्रफळाच्या फिल्टरमुळे एकाच यादीची वेगवेगळ्या वेब-पत्त्यांची शेकडो पाने तयार होत आहेत का, हे प्रश्न त्यात येतात. गूगलच्या निकषानुसार पानावरील मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवे. घरांच्या वेबसाइटवर हा निकष बहुधा कॅमेऱ्यातून काढून थेट चढवलेल्या अवजड फोटोंमुळे चुकतो. विकलेल्या फ्लॅटचे पान रिकामे ठेवणे किंवा गुपचूप मुखपृष्ठाकडे वळवणे, हे दोन्ही मार्ग अयोग्य आहेत. त्याच सोसायटीत दुसरे घर उपलब्ध असेल तर ‘विकले गेले’ असे स्पष्ट लिहून त्या घराकडे वाट दाखवावी, नसेल तर पान रीतसर काढून टाकावे. हे काम जाणकाराचेच आहे, आणि ते एजन्सीला किंवा एखाद्या स्वतंत्र तंत्रज्ञाला ठरावीक रकमेत द्यावे.

दुसरा भाग मजकुराचा, आणि एजन्सी नेमकी येथे कमी पडते. एका वेबसाइटवर मी लोहगाव आणि कात्रज या दोन भागांची पाने उघडली, तर दोन्हींत ‘मेट्रो आणि आयटी पार्कच्या सान्निध्यातील शांत परिसर’ हेच वाक्य होते. केवळ भागाचे नाव बदललेले होते. नाव बदलून एकाच साच्यात काढलेली अशी पाने गूगलच्या स्पॅमविषयक धोरणाचा भंग करतात, आणि कात्रजचा घाट रोज उतरणारा माणूस ते वाक्य वाचून पान बंद करतो. उलट, कार्यालयात दिवसभर ग्राहकांशी बोलणाऱ्या माणसाला ठाऊक असते की विचारणा कशाची होते: सोसायटीला महापालिकेचे पाणी येते की टँकर मागवावा लागतो, वाकडचे घर पिंपरी-चिंचवड महापालिकेत येते आणि बाणेरचे पुणे महापालिकेत, तर मिळकतकराचा काय फरक पडतो, जुन्या सोसायटीचा पुनर्विकास कोणत्या टप्प्यावर आहे. ‘वाकडमध्ये टू बीएचके’ अशा ढोबळ शोधात मॅजिकब्रिक्स किंवा हाउसिंग डॉट कॉम यांच्यासारख्या मोठ्या पोर्टलना मागे टाकणे लहान कार्यालयाला जवळजवळ अशक्य आहे. परंतु एखाद्या विशिष्ट सोसायटीतील रिसेल फ्लॅट शोधणाऱ्याला प्रामाणिक आणि तपशीलवार उत्तर देणारे पान लिहिणे नक्कीच शक्य आहे. महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांकही येथे फोटोच्या कोपऱ्यात न ठेवता मजकुरात लिहावा. जाहिरातीत तो देणे बंधनकारक आहेच, शिवाय प्रकल्पाची खातरजमा करणारे ग्राहक तो शोधतात.

पोर्टलवर पैसे भरणे आणि गूगलवर जाहिरात देणे यांतून विचारणा लवकर येतात, पण पैसे थांबले की त्याही थांबतात. जाहिरात दिल्याने नैसर्गिक, म्हणजे पैसे न भरता दिसणाऱ्या निकालांतील स्थान सुधारत नाही, हे गूगलने स्वतः सांगितलेले आहे. नव्या कार्यालयाने पहिले काही महिने जाहिरातीवर चालवण्यात गैर काही नाही. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवरील व्यवसायाची नोंद, मात्र मोफत आहे आणि नकाशातील निकालांसाठी ते अपरिहार्य आहे. तेथे पत्ता, वेळ आणि खऱ्या ग्राहकांचे अभिप्राय अद्ययावत ठेवण्याचे काम एजन्सीला देण्याइतके अवघड नाही.

एजन्सी नेमायचीच असेल, तर ‘तीन महिन्यांत पहिला क्रमांक’ अशी हमी देणाऱ्यास नकार द्यावा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि बदल अमलात येऊन परिणाम दिसायला साधारणपणे चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलचेच मार्गदर्शन आहे. लिंक विकत घेऊन देणाऱ्यांपासूनही दूर राहावे.

ज्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस बसून लिहू शकेल असा एक जरी माणूस आहे, त्याने मजकूर आणि तपासणी स्वतःकडे ठेवावी व तांत्रिक काम बाहेर द्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. असा माणूस खरोखरच नसेल, तर एजन्सी नेमावी. पण तिच्या लेखकाला दोन दिवस साइट व्हिजिटला सोबत न्यावे.

दोन्ही परिस्थितींत डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नाव-पत्त्याची, नोंदणी आपल्याच नावावर असावी. माझ्या स्वतःच्या वेबसाइटचे डोमेन एका एजन्सीने तिच्या नावावर घेतले होते, आणि करार संपल्यावर ते परत मिळवण्यात माझे चार महिने गेले. त्या काळात मला साधी डीएनएस नोंदही (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणारी) बदलता आली नाही. तेव्हापासून मी डोमेन आधी घेतो, डीएनएसद्वारे सर्च कन्सोलची मालकी सिद्ध करतो आणि एजन्सीला मालकाचा नव्हे, तर केवळ वापरकर्त्याचा प्रवेश देतो.