शेवरले सी-१० की फोर्ड एफ-१००?

जुना पिकअप घेऊन, त्यात बदल करून गाडी जमिनीलगत आणायची तर कोणता घ्यावा? दोन्ही अमेरिकी पिकअप, १९६७ ते १९७२ या काळातले, दोन्ही देखणे. फरक कळतो तो गाडीखाली शिरल्यावर.

सी-१०ला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं), आणि बहुतेक गाड्यांना मागेही कॉइल स्प्रिंगच. गाडी खाली बसवायची तर आखूड स्प्रिंगा आणि ड्रॉप स्पिंडल (पुढच्या चाकाचा आस वर घेतलेले भाग) घातले की बरंच काम होतं. १९७१पासून पुढे डिस्क ब्रेकही आले. नवे पत्रेही सहज मिळतात.

एफ-१००चा पुढचा ‘ट्विन आय-बीम’ अॅक्सल, म्हणजे प्रत्येक चाकाला एक जाड दांडा, ओझ्याला दणकट, पण गाडी खाली घेतली की चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. म्हणून कित्येक जण फोर्डच्याच क्राउन व्हिक्टोरिया सेडानचं पुढचं सस्पेन्शन बसवतात. त्यात कापाकापी आली.

पण फोर्डचं ३०० घनइंची, सहा सिलिंडरचं इंजिन! क्रँकशाफ्टला आधार देणारी सात मेन बेअरिंग, व्हॉल्व्हच्या टायमिंगला साखळीऐवजी गिअर. असं टिकाऊ इंजिन असलेला एफ-१०० मिळाला तर माझं ऐका, त्याला मूळ रूपातच ठेवा. बदल करायची हौस सी-१०वर भागवा.

दोन्हींत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. ती आधी काढून मागे, हौद्याखाली फ्रेमच्या दांड्यांमध्ये न्या. रंगाचं नंतर पाहू.