आधी हात सुधारावा की आधी स्वरलिपी?

15 ऑगस्ट आणि 17 सप्टेंबर जवळ आले की मराठवाड्यातल्या शाळांत समूहगीतांची घाई सुरू होते. मुक्तिसंग्राम दिन असल्यामुळे इतर विभागांपेक्षा आपल्याकडं एक ध्वजवंदन जास्तच. साठ-सत्तर लेकरं, एक पेटी, आठवड्याच्या एक-दोन तासिका. एवढ्यात संगीत शिक्षकानं स्वतःची तयारी कशात करावी, हाताच्या इशाऱ्यांत की गाण्याच्या स्वरलिपीत, म्हणजे सूर-ताल कागदावर लिहून काढण्यात? दोन्ही लागतं, पण वेळ दोन्हीला पुरत नाही.

हाताचा फायदा लगेच दिसतो. संगीत विशारद परीक्षा झालेल्यांना टाळी-खाली, म्हणजे हातानं ताल मोजणं, अंगवळणी असते. मात्र ती आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) आपण कुठं आहोत एवढंच सांगते. जोर किती, श्वास कधी, स्वर सोडायचा कधी, हे तिच्यात नाही. कंडक्टिंगच्या, म्हणजे समोर उभं राहून समूहगायन चालवण्याच्या, हातात ते आहे. चार ठोक्यांचा आकार सोपा असतो: उजवा हात खाली, मग डावीकडं, उजवीकडं, वर. केरव्याला (आठ मात्रांचा ताल) दर दोन मात्रांना एक ठोका. द्रुत (जलद) दादऱ्याला (सहा मात्रांचा ताल) दोनच, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे टाळी-खालीच्याच जागी. यात शिकायला फार नाही.

खरी मेख गाणं सुरू होण्याआधीच्या ठोक्यात आहे. ‘एक, दोन, तीन’ म्हणून सुरुवात केली की पुढची रांग उचलते आणि मागची अर्धी मात्रा उशिरा येते. त्याऐवजी हात उचलतानाच स्वतः तोंडानं श्वास घ्या, ज्या लयीत आणि जोरात गाणं हवं त्याच लयीत, त्याच जोरात. लेकरं आपोआप सोबत श्वास घेतात. डावा हात उजव्याची नक्कल करत असेल तर तो खाली ठेवलेला बरा. आवाज वाढवायला, दाबायला, एखाद्या गटाला आत घ्यायला तो मोकळा हवा. आणि मुलांसोबत गाऊ नका. आपण गात असलो की समोरचं बेसूर ऐकू येत नाही.

तपासायला आरशापेक्षा मोबाईल बरा. मागच्या रांगेच्या जागी ठेवून चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा. सम (तालाची पहिली मात्रा) कुठं आहे ते तुम्हालाच कळत नसेल तर सातवीच्या पोराला काय कळणार!

आता स्वरलिपी. कंटाळवाणं काम, दिसतही नाही. अनेक गीतांची छापील स्वरलिपी हाताशी नसते, मग यूट्यूबवरचं ऐकवून बसवलं जातं. तिथंच गडबड होते. गायकाची मुरकी (झटकन घेतलेलं स्वरांचं छोटं वळण) सत्तर मुलं सत्तर तऱ्हांनी घेतात. स्वतः भातखंडे पद्धतीनं (हिंदुस्तानी संगीतातली रूढ स्वरलिपी) लिहायला बसलं की नुसती चाल कोणती आणि हरकत (गायकाची सजावट) कोणती हे ठरवावंच लागतं. मग पेन्सिलनं श्वासाच्या जागा आखा, शब्द कुठं तुटतो ते बघा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर शोधून मगच पट्टी (सा कुठल्या उंचीवर धरायचा ते) ठरवा. सरांच्या गळ्याला सोयीची पट्टी लेकरांना सोयीची असेलच असं नाही.

राष्ट्रगीतात तर हाताचा उपयोगच नाही. सगळे सावधान, सरही. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे 52 सेकंद ठरलेले आहेत. शाळेतलं एकदा घड्याळ लावून मोजा, बहुतेक ठिकाणी लांबलेलं निघेल. शेवटी तीनदा येणारं ‘जय हे’ पायरीपायरीनं उतरतं आणि अखेरची ओळ खालून पुन्हा चढते. त्या वळणाआधी श्वास ठरवून दिला नसेल तर अर्धी शाळा तिथं पुढं पळते. हे सगळं कागदावरच सुटतं.

म्हणून माझा कौल आधी स्वरलिपीला. कुठं श्वास आणि कुठं जोर हे ठरलेलंच नसेल तर सुंदर हात दाखवणार तरी काय? अपवाद एक: गाणं जुनं, चांगलं बसलेलं आहे आणि सुरुवात-शेवट तेवढे फाटतात, तर सगळा वेळ हाताला द्या. पेटीवर बसूनच चालवायचं असेल तर मान आणि श्वास एवढंच उरतं, वीस-पंचवीस मुलांपर्यंत ते पुरतं. त्याहून जास्त असतील तर पेटी आठवी-नववीच्या एखाद्या मुलीकडं सोपवून आपण समोर उभं राहावं.

दोन गटांत वेगवेगळ्या ओळी गाणारं गीत घेतलं तर मात्र निवड उरत नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक, तालाच्या विभागांच्या रेघा जुळवून लिहा आणि दुसरा गट जिथं आत येतो तिथं आपल्या डाव्या हाताची खूण करून ठेवा.