टेनिस एल्बोसाठी फ्लेक्सबार: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

ओलं फडकं पिळताना, कुकर उचलताना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ उठते. पट्टा झाला, मलम झालं, गोळ्या झाल्या, तरी चार-चार महिने ती हटत नाही. अशा चिवट दुखण्यात बहुतेक जण सगळं करून थकल्यावर थेराबँड या ब्रँडच्या फ्लेक्सबारपाशी येतात. खरं तर तो बराच आधी हातात यायला हवा.

वस्तू अगदी साधी आहे. साधारण एक फूट लांबीचा, खाचा असलेला रबरी दांडा. पिवळा, लाल, हिरवा, निळा या क्रमाने तो जाड आणि कडक होत जातो. पहिली फसगत रंगातच होते. धट्टाकट्टा माणूस थेट निळा घेतो, आणि दुखऱ्या हाताला तो झेपत नाही. बहुतेकांनी लालपासून सुरुवात करावी. कप उचलतानाही कळ येत असेल तर पिवळा.

टेनिस एल्बो हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचलं ते 2004 मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे. रॅकेट कधीच न धरलेल्यांना मात्र तो जास्त होतो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला जोडलेला असतो, तिथले तंतू झिजून विस्कटतात. जुन्या दुखण्यात सूज फारशी नसतेच, म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि नुसती विश्रांती यांनी दुखणं झोपतं, बरं होत नाही. टेंडनला सुधारायला भार लागतो. बेताचा, सावकाश आणि रोजचा. फ्लेक्सबार तो भार देतो, स्नायू लांबत असताना.

टिमथी टायलर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेला याचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणून या व्यायामाला ‘टायलर ट्विस्ट’ म्हणतात. रुग्ण अवघे 21 होते, हे लक्षात ठेवायला हवं. पण नेहमीच्या फिजिओथेरपीला या दांड्याची जोड मिळालेला गट स्पष्टपणे पुढे होता.

कृती नीट वाचा, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. उजवा कोपर दुखतो असं धरू. उजव्या हाताने दांड्याचं खालचं टोक धरा, दांडा समोर उभा, मनगट मागे वळवलेलं. डाव्या हाताने वरचं टोक पकडा, तळवा समोरच्या दिशेला. पीळ द्यायचा तो डाव्या हाताने. उजव्याने फक्त घट्ट धरायचं. पीळ न सोडता दोन्ही हात समोर सरळ करा, कोपर ताठ, दांडा आडवा. आता डावं मनगट आहे तिथेच ठेवा आणि उजवं चार अंक मोजत हळूहळू खाली सोडा. हे एक झालं. असे 15, मग अर्धा मिनिट थांबून पुन्हा, एकूण तीन वेळा. रोज.

सोडताना डावा हातही नकळत ढिला पडतो आणि दुखऱ्या टेंडनवर भारच येत नाही. हे पकडायला दांड्यावर मार्करने लांबीच्या दिशेने एक सरळ रेघ मारा. पिळल्यावर रेघेचा जिलबीसारखा वेढा होतो. तो उजव्या मनगटासोबत सावकाश उलगडला पाहिजे. रेघ झटकन सरळ झाली तर ते 15 मध्ये धरू नका.

व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं: दहापैकी तीन-चारपर्यंत, आणि दुसऱ्या सकाळी पूर्वीइतकंच असावं. सकाळी वाढलेलं आढळलं तर आवर्तनं कमी करा, रंग उतरवा. काहीच जाणवेनासं झालं की लालवरून हिरव्यावर जा. सहा ते आठ आठवडे धरून चाला. दहा दिवसांत फरक नाही म्हणून दांडा माळ्यावर टाकू नका.

पर्याय हवाच असेल तर एक लिटरची भरलेली बाटली आहे, म्हणजे एक किलो. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली. दुसऱ्या हाताने वर उचलायचं, दुखऱ्याने हळू सोडायचं. तत्त्व तेच आहे आणि पैसे शून्य. दांड्यात पकडही कामाला लागते, एवढा त्याचा जादा फायदा.

पट्टा वापरत असाल तर हाडावर नको, त्याच्या दोन बोटं खाली मांसल भागावर बांधा, तोही कामापुरता. स्टेरॉइड इंजेक्शनची घाई मात्र टाळाच. ऑस्ट्रेलियातल्या 165 रुग्णांच्या 2013 च्या अभ्यासात वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांत 54 टक्के होतं, औषधाविना इंजेक्शन दिलेल्यांत 12 टक्के. सुरुवातीचा आराम फार महाग पडतो.

बोटांना मुंग्या येत असतील, मानेतून कळ उतरत असेल किंवा मनगट वर उचलताच येत नसेल, तर दांडा विकत घेण्याआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी बाटलीच बरी. नव्या दांड्याला रबराचा वास येतो. साबणपाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि खाचांमध्ये बारीक चिरा दिसल्या की दांडा बदला.